वडिलांच्या अंत्यसंस्काराचा खर्च मी केला, भाऊ म्हणतो तुझं तू बघ: जबाबदारी नक्की कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा. वडील वारले, आई आधीच गेलेली. मागे एक विवाहित मुलगी (प्रश्न तिचा) आणि एक मुलगा. मुलगा परगावी, दोघांचं बोलणं जवळजवळ बंद. शेवटचे अकरा दिवस वडील हॉस्पिटलमध्ये होते. १,९०,००० रुपयांचं बिल मुलीने स्वतःच्या कार्डावरून भरलं. शववाहिका, स्मशान, गुरुजी, दहावा, अस्थिविसर्जन मिळून २६,०००. तेराव्याचं जेवण ४८,०००. वडील गेले त्याच रात्री मुलीने त्यांच्या एटीएम कार्डावरून २०,००० काढले. वडिलांनी ठेवलेल्या ब्युरोच्या (कामाला माणसं पुरवणाऱ्या संस्थेच्या) बाईंचा शेवटच्या महिन्याचा पगार, १८,०००, अजून द्यायचा आहे. मागे वडिलांच्या स्वकमाईचा फ्लॅट आणि सहा लाखांची एफडी. एफडीवर नॉमिनी भाऊ. मृत्युपत्र नाही. भाऊ म्हणतो, "मला न विचारता सगळं केलंस, आता तुझं तू बघ. एफडी माझी आहे." अग्नी काकांनी दिला. त्यांचं म्हणणं, लग्न झालेल्या मुलीवर ही जबाबदारी नव्हतीच, आणि अग्नी दिला म्हणून त्यांचाही काही हक्क लागतो.

ताई, तुम्ही विचारलंय एकच, पण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. अंत्यसंस्कार करायचे कोणी, हा एक. त्याचे पैसे कोणाचे, हा दुसरा. घरातली भांडणं या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे होतात. "मुलगा म्हणून त्याचं कर्तव्य होतं, म्हणजे खर्चही त्याचाच" असं एक जण म्हणतो. "तू केलंस ना, मग भरही तूच" असं दुसरा म्हणतो. कायद्यात दोघांनाही आधार नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा खर्च गेलेल्या माणसाचा स्वतःचाच असतो. त्याने मागे जे काही ठेवलं, त्यातून तो सगळ्यात आधी निघतो. तुम्ही तो तात्पुरता स्वतःच्या खिशातून केलात, एवढंच. त्यामुळे तुमचं येणं भावाकडून नाही, वडिलांच्या मिळकतीकडून आहे. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो. भावाला जाब विचारण्यात वेळ घालवू नका, हिशेब मांडा.

आधार सांगतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५. त्याचं कलम ३१६ सांगतं की मयताने पुरेशी मिळकत ठेवली असेल तर त्याच्या परिस्थितीला साजेसे आवश्यक अंत्यविधी होण्यासाठी पैशाची सोय करणं हे एक्झिक्युटरचं, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसाचं, कर्तव्य आहे. कलम ३२० त्याहून महत्त्वाचं. अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि मृत्युशय्येवरचा खर्च कोणत्याही कर्जाच्या आधी द्यायचा. मृत्युशय्येवरच्या खर्चात डॉक्टरी उपचारांची फी येते, आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचं राहणं-जेवणही येतं. त्यानंतर कलम ३२१ प्रमाणे प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) वगैरे मिळवण्याचा कोर्टखर्च. मग कलम ३२२ प्रमाणे मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मयतासाठी काम केलेल्या मजूर, कारागीर आणि घरगुती नोकरांची मजुरी. मग बाकीची देणी. मृत्युपत्रातल्या देणग्या आणि वारसांचे हिस्से त्याच्याही नंतर.

या क्रमात हॉस्पिटलचं बिल स्मशानाच्या पावतीच्या बरोबरीने पहिल्या पायरीवर बसतं. लोक फक्त लाकडं-विद्युतदाहिनीचा हिशेब मागतात आणि लाखभराचं बिल "ते मी मुलगी म्हणून केलं" असं म्हणून सोडून देतात. सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण सोडतोय हे माहीत असू द्या. आणि ब्युरोच्या बाईंचा पगार. वडिलांनी त्यांना स्वतः ठेवलं होतं, म्हणजे तो वडिलांचं देणं आहे. माझ्या मते तो सरळ कलम ३२२ मध्ये बसतो आणि वडिलांचं कुठलंही साधं कर्ज असतं तरी त्याच्या आधी द्यावा लागला असता. त्यांना "भाऊ-बहिणीचं मिटू दे, मग बघू" असं सांगू नका. या सगळ्या प्रकरणात खरी गरज असलेलं माणूस बहुतेक तेच आहे.

आता एक रास्त शंका. ही कलमं मुख्यतः एक्झिक्युटर आणि कोर्टाने नेमलेल्या ॲडमिनिस्ट्रेटरला उद्देशून लिहिलेली आहेत, तुमच्याकडे तर मृत्युपत्रच नाही. मग? वारस आपसात हिशेब करतात किंवा वाटणीचा दावा चालतो, तेव्हाही तर्क हाच धरला जातो, कारण दुसरा कुठला क्रम समंजस नाही. जुन्या हिंदू कायद्यातही आवश्यक अंत्यविधी आणि श्राद्ध ही 'कायदेशीर गरज' मानली गेली आहे. त्यासाठी कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, एकत्र कुटुंबाची मिळकतसुद्धा विकू शकत असे. मुस्लिम कायद्यात अंत्यविधी, मग कर्ज, मग एक-तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि शेवटी वारस असा क्रम आहे. धर्म कोणताही घ्या, पहिली पायरी तीच.

मग करण्याची जबाबदारी कोणाची? मुलाची, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मुलीची नाही, असंही नाही. विवाहित-अविवाहित हा भेद तर या बाबतीत अजिबातच नाही. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमलेला असेल तर पहिला अधिकार आणि कर्तव्य त्याचं. नसेल तर जवळचे वारस. व्यवहारात हॉस्पिटल ज्याच्या सहीवर मृतदेह देतं तो. भरण-पोषणाचे कायदे लोक इथे लावू बघतात. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, १९५६ चा हिंदू दत्तक व भरण-पोषण कायदा. पण त्यांतल्या भरण-पोषणाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आहेत. ती जिवंतपणीची जबाबदारी आहे. वडील हयात असताना भावाने काही दिलं नाही हे खरं असेल, पण त्या कायद्यांखाली आज तुम्ही अंत्यविधीचा खर्च मागू शकत नाही.

यातून एक कडू गोष्ट निघते, तीही सांगतो. वडिलांनी मागे काहीच ठेवलं नसतं, तर भावाकडून अर्धे पैसे कोर्टातून काढणं जवळजवळ अशक्य होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ प्रमाणे मयताच्या देण्यासाठी वारस जबाबदार धरला जातो तो त्याच्या हातात आलेल्या मिळकतीपुरताच. काही वकील अशा वेळी करार कायद्याची कलमं ६९ आणि ७० पुढे करतात. दुसऱ्यावर जे देणं कायद्याने बंधनकारक होतं ते तुम्ही भरलं, किंवा फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई मागता येते. पण भावावर असं वैयक्तिक बंधनच नव्हतं म्हटल्यावर ६९ कोसळतं. आणि मुलीने बापासाठी केलेलं 'फुकट करण्याचा हेतू नव्हता' हे सिद्ध करत कोर्टात उभं राहण्यात काय मिळणार? भावाने खर्चाआधी "अर्धे मी देतो" असं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या बाबतीत सुदैवाने या वाटेला जायची गरजच नाही, कारण फ्लॅट आहे, एफडी आहे.

याच्या उलट बाजूही असते. बाहेरच्या माणसाला, म्हणजे हॉस्पिटल, शववाहिका, केटरर यांना, तुमच्या घरातल्या वाटण्यांशी देणंघेणं नसतं. ज्याने ऑर्डर दिली, ज्याने सही केली, त्याच्याकडून ते पैसे मागणार. हॉस्पिटलच्या ॲडमिशन फॉर्मवर खाली बारीक अक्षरात "सर्व बिल भरण्याची जबाबदारी मी घेतो/घेते" असं वाक्य असतं. रात्री दोन वाजता कोणी ते वाचत नाही. त्या सहीने तुम्ही स्वतःला बांधून घेता, मिळकत असो वा नसो. म्हणून पेशंटबरोबर कोण जातं आणि कोण सही करतं याला महत्त्व असतं. शक्य असेल तिथे रुग्ण शुद्धीवर असताना त्याची स्वतःची सही घ्यावी आणि नातेवाइकाने साक्षीदार म्हणून करावी. मानत नाहीत बऱ्याच ठिकाणी, पण विचारायला हरकत नाही. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवणं मात्र चालत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. हॉस्पिटलने आपलं येणं मिळकतीतून आणि सही करणाऱ्याकडून वसूल करावं.

'वाजवी' म्हणजे किती, यावर तुमची आणि भावाची खरी खडाजंगी होणार आहे. कायदा आकडा देत नाही. मयताच्या ऐपतीला आणि दर्जाला साजेसा, एवढंच म्हणतो. माझा अनुभव आणि माझं मत सांगतो. शववाहिका, दहनाचा खर्च, साहित्य, गुरुजींची दक्षिणा, दहाव्याचे विधी, अस्थिविसर्जनाचा साधा प्रवास, मृत्यूचे दाखले, हे कोणी फारसं नाकारत नाही. तुमचे २६,००० म्हणजे मला तर काटकसरच वाटते. तेराव्याच्या जेवणाचे ४८,००० हा वेगळा मामला. विधीला आलेल्या ब्राह्मणांचं आणि घरच्यांचं जेवण आवश्यक विधीत धरता येईल. हॉल घेऊन शे-दीडशे पानं उठवली तर समोरचा वकील "हा सामाजिक कार्यक्रम होता" म्हणणार, आणि त्यात तथ्य आहे. कलम ३१६ मधला 'आवश्यक' हा शब्द तिथे आड येतो. वर्तमानपत्रातली मोठी जाहिरात, फोटोचं फ्लेक्स, वर्षश्राद्ध, नावाची देणगी, हे सगळं याच जातीचं. करावं जरूर, पण आपल्या पैशाने करतोय असं समजून करावं. माझा सल्ला, ४८,००० ची रक्कम यादीत वेगळ्या ओळीत दाखवा आणि ती तडजोडीत सोडायची तयारी ठेवा. त्या बदल्यात बाकीचं विनातक्रार मान्य होत असेल तर सौदा चांगला आहे.

एटीएमचे २०,०००. यावर तुम्ही ओशाळून लिहिलंय, पण हे घराघरात होतं. नियम समजून घ्या. खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड, त्याने दिलेलं मुखत्यारपत्र, सगळं तिथेच थांबतं. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकार संपतो. मयताच्या ताब्यातली वस्तू अप्रामाणिकपणे लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ खाली गुन्हा आहे, आणि चिडलेला भाऊ नेमकं हेच कलम नोटिशीत घालतो. पण यात 'अप्रामाणिकपणे' हाच कळीचा मुद्दा. १९२५ च्याच कायद्याचं कलम ३०३ सांगतं की अधिकार नसताना मयताच्या मिळकतीत हात घालणाऱ्याला 'स्वतःच्या चुकीने झालेला एक्झिक्युटर' धरलं जातं. मात्र मिळकत जपण्यासाठी, अंत्यविधीसाठी किंवा कुटुंबाच्या तातडीच्या गरजेसाठी हात घातला तर तसं धरलं जात नाही. तुमचे २०,००० त्याच रात्री अंत्यविधीसाठी निघाले, खर्च २६,००० झाला, पावत्या आहेत. ते लपवू नका. हिशेबाच्या पहिल्याच ओळीत "वडिलांच्या खात्यातून घेतले २०,०००" असं लिहा आणि तुमच्या येण्यातून वजा करा. लपवलेले वीस हजार तुमच्या दोन लाखांच्या पावत्यांवरचा विश्वास घालवतील. आणि ते कार्ड आता वापरू नका, बँकेला मृत्यू कळवा. (खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असतं तर हयात असलेला दुसरा खातेदार बिनघोर पैसे काढू शकला असता. आई-वडिलांचं वय झालं की एक खातं तसं करून घ्यावं, त्यात दोन-तीन लाख असावेत. पहिल्या आठवड्याचे बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात.)

एफडी आणि नॉमिनी. भाऊ नॉमिनी आहे म्हणून बँक त्याला पैसे देईल, आणि बँकेचं बरोबरच आहे. पण बँकेने कोणाला द्यायचे आणि पैसे कोणाचे, या वेगळ्या गोष्टी. विम्याच्या बाबतीत, तेव्हाच्या कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात, बँक ठेवीबाबत २०१० मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितलं. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. ते पैसे मिळकतीचा भाग राहतात. त्यातून आधी अंत्यविधी-हॉस्पिटल, मग देणी, मग वारस. वारस तुम्ही दोघंच, समान. वडिलांच्या स्वकमाईत मुलीला समान हिस्सा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीसाठी होती, हे काकांनाही सांगा.

काकांचं बाकी सोपं आहे. मुलगा-मुलगी हयात असताना मयताचा भाऊ वारसच होत नाही. अग्नी देणं हा विधी आहे, त्याने मिळकतीत हक्क तयार होत नाही. तुम्ही अग्नी दिला असता तरी तुमचा हिस्सा वाढला नसता. भावाने दिला नाही म्हणून त्याचाही कमी होत नाही, तुम्हाला हे कितीही अन्यायाचं वाटलं तरी. काकांनी खिशातून काही खर्च केला असेल तर तो मात्र त्यांना परत मिळायला हवा, तुमच्याच रांगेत, पावतीसकट.

आता आकडे मांडू. तुमचं निर्विवाद येणं १,९०,००० अधिक २६,०००, म्हणजे २,१६,०००. त्यातून घेतलेले २०,००० वजा, राहिले १,९६,०००. एफडीचे ६,००,००० आले की आधी हे तुम्हाला, मग बाईंचे १८,०००. उरले ३,८६,०००, त्याचे दोन भाग, प्रत्येकी १,९३,०००. म्हणजे सहा लाखांतून तुमच्याकडे ३,८९,००० यायला हवेत, भावाकडे १,९३,०००. व्याज येईल ते वेगळं. हिस्से समान असल्यामुळे शेवटी दोघांच्या वाट्याला खर्च निम्मा-निम्माच पडतो. भावाला हे दाखवलंत तर "सगळं माझ्या पैशातून काढते" ही त्याची समजूत कदाचित निवळेल. मेडिक्लेम होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर बिलाची भरपाई पॉलिसीतल्या नॉमिनीच्या खात्यात जाऊ शकते. तिथेही भाऊच नॉमिनी असेल, तर बिल भरलं तुम्ही आणि पैसे आले त्याला असं व्हायला नको. दावा करतानाच कोणी भरलं ते लिहून द्या. भरपाई तुम्हाला मिळाली तर तेवढी रक्कम वरच्या यादीतून कमी होते.

भावाची दुसरी तक्रार, "मला न विचारता केलंस." थांबलंच पाहिजे असा नियम नाही. पण कळवलं होतं याचा मेसेज किंवा कॉल रेकॉर्ड जपून ठेवा. दोन वारसांत खरोखर मतभेद झाले, एकाला दहन हवं, दुसऱ्याला देहदान, तर पोलीस किंवा हॉस्पिटल निवाडा करू शकत नाहीत. कोर्टात जावं लागतं, आणि तोवर देह शवागारात. केरळमधले ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर २०२४ मध्ये वारले. देहदानाची इच्छा त्यांनी मुलाजवळ बोलून दाखवली होती. एका मुलीला ख्रिस्ती पद्धतीने दफन हवं होतं. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये देहदानाच्या बाजूने संपलं. इच्छा दोन ओळींत लिहून, सह्या करून ठेवली की एवढं सगळं बरंचसं टळतं.

लिहिलं म्हणजे झालं असंही नाही. इंग्लंडमधला १८८२ चा विल्यम्स प्रकरणाचा निकाल आजही आमच्या धंद्यात सांगितला जातो. हेन्री क्रुकेंडन यांनी आपल्या मैत्रिणीला लिहून ठेवलं होतं की माझं दहन कर, खर्च माझ्या मिळकतीतून घे. एक्झिक्युटरांनी दफन केलं. बाईंनी दुसरीकडे पुरण्यासाठी म्हणून परवानगी काढून देह उकरला, इटलीत मिलानला नेऊन दहन केलं आणि खर्चाचा दावा लावला. तो फेटाळला गेला. मृतदेह ही कोणाची मालमत्ता नसते, ताबा एक्झिक्युटरचा, आणि मयताच्या सूचना त्याच्यावर बंधनकारक नाहीत. इंग्लंडचा निकाल आपल्यावर बंधनकारक नसतो, पण धडा घेण्यासारखा आहे. ज्याच्यावर इच्छा सोपवायची त्यालाच मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमा, म्हणजे अधिकार आणि पैसा एकाच हातात राहतो.

बाहेरून मिळणारी मदत हे प्रकरण तुमच्या वडिलांना लागू नसेल, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला लागेल. मयत राज्य कामगार विमा योजनेत (आपण ईएसआय म्हणतो ते) विमाधारक असेल तर अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. कुटुंबातल्या सगळ्यात मोठ्या हयात व्यक्तीला, आणि कुटुंब नसेल किंवा मयत कुटुंबाबरोबर राहत नसेल तर ज्याने प्रत्यक्ष खर्च केला त्याला. मागणी तीन महिन्यांत करायची, लोक नेमके तिथेच चुकतात. कामावर अपघाती मृत्यू झाला तर भरपाईशिवाय अंत्यविधीची वेगळी रक्कम मालकाला जमा करावी लागते. रस्ते अपघातात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालात अंत्यविधीसाठी १५,००० ठरवून दिले, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीसह. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० मिळतात. पावत्या सगळीकडे लागतात. स्मशानात मिळालेला कागदाचा चिटोरा खिशातच राहतो आणि कपड्यांबरोबर धुतला जातो, म्हणून मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटलमधला मृत्यू असेल तर ते कळवतात, घरचा असेल तर आपण.

तुम्ही आता काय करायचं? नोटीस आत्ताच नको. वकिलाची नोटीस गेली की माणूस आधी अपमान वाचतो, आकडे नंतर. स्वतःच्या सहीने एक साधं पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. त्यात तारीखवार खर्च, सोबत पावत्यांच्या प्रती, वडिलांच्या खात्यातून घेतलेली रक्कम, बाईंचं देणं आणि वरचा हिशेब. शेवटी एवढंच लिहा की एफडीची रक्कम वारसांच्या वतीने तू स्वीकारशील तेव्हा याप्रमाणे वाटप व्हावं. आरोप एकही नको, बालपणीची आठवणही नको. बँकेलाही एक पत्र द्या, की आम्ही दोघं वारस आहोत. नॉमिनीला द्यायचं बँक त्यामुळे थांबवणार नाही, पण भावाला "मला माहीतच नव्हतं" म्हणता येणार नाही. पैसे घेऊन तो गप्प बसला, तर वाटणीच्या दाव्यातच हिशेबाची मागणी जोडायची. निव्वळ दोन लाखांसाठी वेगळा दावा लावणं परवडत नाही. पैशाच्या मागणीची मुदत साधारण तीन वर्षं धरा आणि ती संपायची वाट पाहू नका.

फ्लॅटचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलाय, पण माझ्या दृष्टीने तुमची खरी ताकद तिथे आहे. सोसायटीच्या नोंदीसाठी, विक्रीसाठी, कशासाठीही भावाला तुमची सही लागणार. "आधी हक्कसोडपत्रावर (आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर) सही कर, खर्चाचं आपण नंतर बघू" असा निरोप काकांमार्फत येईल, बहुतेक येतोच. हक्कसोडपत्र नोंदवलं की नंतर बघण्यासारखं काही उरत नाही. हिस्सा सोडायचा असेल किंवा विकत द्यायचा असेल, तरी हॉस्पिटल आणि अंत्यविधीचे १,९६,००० मिळाल्याचा उल्लेख त्याच दस्तात, चेक नंबर आणि तारखेसकट आला पाहिजे, आणि तो चेक वटल्यावरच दुय्यम निबंधकांकडे जायचं.